बाईसाहेबांची वाळू

आमच्या लाँड्रीत मास्तर म्हणजे डागमास्तर. लोक डाग पडलेले कपडे घेऊन माझ्याकडे काउंटरवर येतात, मी चिठ्ठी टाचते आणि आतल्या टेबलावर हे गृहस्थ तो डाग काढतात. बत्तीस वर्षं हेच काम. डाग कोणताही असो, मास्तर आधी वास घेणार, मग बोटानं चाचपणार आणि डोळ्यांनी सगळ्यात शेवटी बघणार. लोक नेमकं उलटं करतात म्हणून फसतात, असं त्यांचं म्हणणं. गिऱ्हाईक सांगतं चहा सांडलाय. हे आतून म्हणणार, चहा नाही, खोकल्याचं औषध आहे. मी विचारलं की खोकल्याचंच निघतं. नाक असं, आणि तोंडाला मात्र कुलूप. दिवसात दहा वाक्यं बोलले तर मी घरी जाऊन नवऱ्याला बातमी द्यायची.

ते राहतात आमच्याच इमारतीत, आमच्या बरोबर डोक्यावर. त्यांच्या घरात बोलण्याचं काम बायकोकडे असायचं. ती सहा वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून बापलेक एका टेबलावर जेवायचे आणि खाली आम्हाला नुसते चमचे ऐकू यायचे. लेक गुणी होती, घरांचे नकाशे काढायचं शिकली होती. एकदा कोटाच्या आत दडवून एक मांजरीचं पिल्लू घेऊन आली. करडं, एका कानाचं टोक फाटलेलं, आणि तोरा असा की घर तिच्याच नावावर असावं. मास्तर तिला बाईसाहेब म्हणायला लागले. तेच नाव पडलं.

दहा महिन्यांपूर्वी लेकीला लांबच्या शहरात नोकरी लागली. रात्रभराचा प्रवास. तिथल्या घरमालकाला मांजर चालत नव्हतं, म्हणून बाईसाहेब बापाकडे राहिल्या. लेकीचे फोन यायचे आठवड्यातून एकदा, आणि दुपारच्या सुट्टीत आले की मला ऐकू जायचे, कारण मास्तरांच्या हातात रबरी मोजे असतात, त्यामुळे ते फोन माझ्या काउंटरवर ठेवून स्पीकर लावतात.

"जेवलात?"

"हो."

"तब्येत?"

"बरी. तुझी?"

"बरी. ठेवू?"

"ठेव."

संपलं. पाऊण मिनिट. मी सुईत दोरा ओवायला घ्यायचे, तो ओवून व्हायच्या आत फोन बंद. मला राग यायचा. दोघांच्याही एकेक वाजवावी असं वाटायचं. बरं, प्रेम नव्हतं असंही नाही. फोन ठेवल्यावर मास्तर फोनच्या काळ्या पडद्याकडे बघत उभे असायचे.

मग वास सुरू झाला.

आधी जिन्यात यायला लागला, मग आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून. डोळ्यांत पाणी आणणारा, नाकात सुई घातल्यासारखा. नवरा म्हणाला, गटार तुंबलं. मी म्हटलं, गटार वरती कसं असेल? आणि वर गेले. मास्तरांनी दार उघडलं आणि मी तिथंच नाकाला रुमाल लावला.

"मास्तर, घरात वास येतोय."

"कसला?"

"मांजराचा!"

"माझ्या घरात?" त्यांनी एक लांब श्वास घेतला. "काही नाही हो. तुम्हाला भास होतोय."

मी थक्क झाले. चहा आणि औषध लांबून ओळखणारा माणूस, आणि स्वतःच्या घरातला वास त्याला येत नव्हता. रोज त्यातच राहून नाक निबर झालं होतं. मी त्यांना हाताला धरून खाली रस्त्यावर नेलं, दहा मिनिटं उभं केलं, परत वर आणलं. दारातच त्यांचा चेहरा उतरला. धंद्याची अब्रूच गेली त्यांची.

त्यात दुःखाची गोष्ट ही की माणूस आळशी नव्हता. उलट, स्वच्छता करून करूनच त्यानं घोळ घातला होता. लेक होती तोवर बाईसाहेबांच्या शी-शूची वाळूची पेटी तिच्याकडे. ती गेल्यावर मास्तरांनी ते काम लाँड्रीच्या पद्धतीनं हाती घेतलं. रोज सगळी वाळू फेकायची, पेटी उकळत्या पाण्यानं धुवायची, कपड्यांना घालतो ते सुवासिक पाणी तिला चोळायचं, वर झाकण, आणि पेटी नेऊन ठेवायची कोपऱ्यातल्या बंद कपाटात. बाईसाहेबांनी दोन दिवस ते बघितलं आणि तिसऱ्या दिवशी कपाटाच्या मागे बसल्या. मास्तरांनी ती जागा आपल्या टेबलावरच्या अमोनियानं घासली. अमोनियावर त्यांचा भारी विश्वास. घामाचे, जुनाट, हट्टी डाग त्यानंच निघतात. दुसऱ्या दिवशी बाईसाहेब पुन्हा तिथंच. मास्तरांनी पुन्हा घासलं, दुप्पट. असं सहा आठवडे चाललं होतं. दोघंही हट्टाला पेटलेले.

दुसऱ्या दिवशी दीड वाजता मी त्यांचा फोन उचलला, लेकीला लावला आणि मधे ठेवला. "सांगा तिला. नाही तर मी सांगते."

ती ऐकत गेली, मग डॉक्टरसारखी एकेक विचारत गेली. पेटी कुठं ठेवता? झाकण का लावलं? वासाची वाळू आणली का? आणि मग विचारलं, "आधी सांगा, कशानं पुसलंत?"

"अमोनियानं," मास्तर अभिमानानं म्हणाले.

"बाबा! अमोनिया कोणी लावतं का? मांजराच्या मुताला वास कसला येतो? त्याचाच! तिला वाटतं दुसरंच कुठलं तरी मांजर येऊन तिथं करून गेलंय. मग ती आपली खूण परत करते. तुम्ही घासताय आणि तिला बोलावताय!"

मास्तरांनी एक मोजा काढला. मग दुसरा. इतक्या वर्षांत फोनसाठी त्यांना मोजे काढताना मी पाहिलं नव्हतं. ते माझ्या स्टुलावर बसले, फोन हातात घेतला आणि म्हणाले, "मग काय करू?"

तिथून फोन रोज यायला लागला. दीडच्या ठोक्याला. पेटी कपाटातून काढून खिडकीशी ठेवली, जिथं वारा लागतो. झाकण गेलं. साधी, बिनवासाची, ओलं झालं की गोळा होणारी वाळू आली, चार बोटं खोल. झारा आला; सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा गोळे काढायचे, तेवढीच नवी वाळू घालायची, आणि सगळी पेटी धुवायची ती दोन-तीन आठवड्यांतून एकदा, कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं. "तिचा थोडासा वास तिच्या पेटीला राहू द्या," लेक म्हणायची. "पार पुसून टाकलं तर तिला कळणार कसं, ही जागा आपली आहे म्हणून?" हे मास्तरांच्या पचनी पडायला आठवडा लागला. धुवायचं आणि थोडं ठेवायचं, हे त्यांच्या शास्त्रातच नव्हतं.

उरली कपाटामागची फरशी. तिथला वास काही केल्या हटेना. एका दुपारी लेक म्हणाली, एक पावडर मिळते, मुतातलं जे काही असतं ते खाऊन टाकणारी. मास्तर एकदम म्हणाले, "रक्ताच्या आणि दुधाच्या डागांना लावतो ती?" ती त्यांच्या टेबलाखाली पहिल्यापासून डब्यात भरलेली होती! बाळाच्या झबल्याला लावायची ती फरशीला लावावी, हे त्यांना सुचलं नव्हतं. आधी साध्या पाण्यानं अमोनिया धुऊन काढला, मग कोमट पाण्यात पावडर, वर ओलं फडकं, चार तास हात लावायचा नाही. तीनदा केलं. वास गेला.

पण खरं काय घडत होतं ते मी काउंटरवर बसून ऐकत होते. वाळूचं बोलणं दोन मिनिटांत संपायचं आणि फोन चालूच राहायचा. "झारा मारलात?" "मारला. तू काय खाल्लंस?" "ब्रेड." "नुसता ब्रेड?" असं. एकदा तिनं नकाशात जिनाच काढायचा विसरल्याचं सांगितलं. दुमजली घर आणि वर जायला जिना नाही! मास्तर हसले. मोठ्यानं. आतून इस्त्रीवाला बघायला आला. एकदा ते आपण होऊन सांगायला लागले, की तिची आई पहिल्यांदा या लाँड्रीत आली ती शाईचा डाग पडलेला सदरा घेऊन, आणि डाग निघाला तरी पुढच्या आठवड्यात परत आली, तसलाच डाग घेऊन. तिसऱ्या वेळी यांच्या लक्षात आलं की डाग ती मुद्दाम पाडते.

"हे मला माहीतच नव्हतं," लेक म्हणाली.

"तू विचारलं नाहीस."

"तुम्ही सांगितलं नाहीत."

पण फोन कुणी ठेवला नाही. मी गिऱ्हाइकाला हातानंच थांबवलं.

मग सगळं ठीक झालं, आणि तिथंच बिघडलं. बाईसाहेब मुकाट्यानं पेटीत जायला लागल्या. घरात वास नाही, जिन्यात नाही. लेक म्हणाली, "छान, बाबा. आता काही काळजी नाही." तिला कामही वाढलं होतं. फोन दोन दिवसांनी आला, मग चार, मग पुन्हा आठवड्याला. जेवलात, हो, तब्येत, बरी, ठेवू, ठेव. मास्तर दीड वाजला की मोजे काढून फोन काउंटरवर ठेवायचे आणि डबा न उघडता बसायचे. दोन वाजता मोजे घालायचे. हे बघणं मला नको व्हायचं. मी म्हटलं, तुम्ही लावा ना फोन! म्हणाले, "लावून काय बोलू?"

एका सोमवारी त्यांनी लावला.

"अगं, वास परत यायला लागलाय."

मी मान वर केली. आदल्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेले होते. त्यांचं घर माझ्या घरापेक्षा स्वच्छ होतं.

"परत? कुठून?"

"कपाटामागूनच. थोडा थोडा."

दुसऱ्या दिवशी दीडच्या ठोक्याला फोन वाजला. बत्तीस वर्षं खोटा डाग लांबून ओळखणारे मास्तर खोटं बोलायला लागले आणि इतकं तपशिलात बोलायला लागले की माझीच मती गुंग. सकाळी कमी असतो, दुपारी वाढतो. खिडकी उघडली की वाटतं गेला, पण जात नाही. सोडा टाकून बघितला, उपयोग नाही. मी एकदा फोन झाल्यावर म्हटलं, "मास्तर, लाज नाही वाटत?"

"वाटते," ते म्हणाले, आणि डबा उघडून जेवायला लागले. चवीनं जेवले.

तीन महिने हे चाललं. आणि मग त्यांनी स्वतःच्या पायावर मारून घेतलेला धोंडा स्पीकरवर ऐकू आला. लेक म्हणाली, "बाबा, मी घर बदललंय. इथं मांजर चालतं. तुम्हाला किती दिवस हा त्रास द्यायचा? रविवारी येते आणि तिला घेऊन जाते."

मास्तर फोनवर वाकले. "त्रास कसला," एवढंच म्हणाले. ती म्हणाली, "नाही बाबा, मी ऐकणार नाही. ठेवते."

त्या आठवड्यात त्यांनी एका पांढऱ्या कोटाचा डाग पसरवून ठेवला. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. मी समजावलं, खरं सांगून टाका, वास नाही म्हणा, मांजर राहील. ते म्हणाले, "मग तीन महिने काय बोलत होतो, ते कसं सांगू?" वास आहे म्हणावं तर मांजर जाणार, नाही म्हणावं तर बाप खोटारडा ठरणार. शनिवारी संध्याकाळी त्यांनी टेबलावरची अमोनियाची बाटली पिशवीत घातलेली मी पाहिली. कपाटामागं शिंपडून वास खरा करायचा बेत! माझं डोकंच फिरलं. मी ती पिशवीतून काढून जागेवर ठेवली. ते रिकामी पिशवी घडी घालून निघाले.

रविवारी सकाळी लेक आली तेव्हा मी वरच होते. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी होते. वाळली होती पोरगी. हातात मांजर न्यायची जाळीची पेटी. बाईसाहेब कपाटावरून उतरल्या, आवाज न करता तिच्यापाशी गेल्या आणि तिच्या बुटाला डोकं घासत राहिल्या. असं त्या कुणाशी करत नाहीत.

लेक वाकून तिला थोडा वेळ थोपटत राहिली, मग सरळ कपाटाशी गेली. गुडघे टेकले, फरशीला नाक लावलं. बापाचीच लेक. मग वाळूच्या पेटीशी गेली. तिथंही वाकून वास घेतला. मग मागे वळली.

"बाबा, वास कुठाय?"

"आज जरा कमी आहे," मास्तर खिडकीकडे बघत म्हणाले.

मी ठरवलं होतं, तोंड उघडायचं नाही. पण माझं तोंड माझं ऐकत नाही. "आज कमी?" मी म्हटलं. "अगं, वास जाऊन तीन-चार महिने झाले! रोज खोटं बोलतात तुझ्याशी. आणि तू, एवढी शिकलेली, तुला कळलं नाही?"

बोलून गेले आणि हात कपाळावर मारून घ्यावासा वाटला. मास्तर खुर्चीवर बसले. लेक तशीच उभी.

"का, बाबा?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. मांजराकडे बघत म्हणाले, "वास गेला की तुझा फोन जातो. मला दुसरं काही बोलता येत नाही गं. तुझी आई बोलायची. मला डागाबद्दल बोलता येतं. तू नसलीस की हे घर मला सोसत नाही, हे फोनवर कसं सांगतात ते मला माहीत नाही."

स्वतःबद्दल एवढं ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले असतील. लेक खाली बसली, त्यांच्या खुर्चीपाशी, फरशीवर, आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून रडली. मी स्वयंपाकघरात जाऊन विनाकारण भांडं घासलं. बाहेर आले तेव्हा ती म्हणत होती, "राहू दे हिला इथंच. मी नेत नाही."

"नाही," मास्तर म्हणाले. "घेऊन जा."

"पण बाबा—"

"जिन्यावर पाऊल वाजलं की ही दाराशी जाते. मी आत आलो की माझ्याकडे बघते आणि परत फिरते. दहा महिने बघतोय. दोघांनी वाट बघत बसण्यापेक्षा एकानं बसलेलं बरं."

त्यांनीच बाईसाहेबांना उचललं, जाळीच्या पेटीत ठेवलं, आणि पावडरची पुडी लेकीच्या पिशवीत घातली. दुपारच्या गाडीनं दोघी गेल्या.

संध्याकाळी मी जेवण घेऊन वर गेले. वाळूची पेटी खिडकीशी तशीच होती, झाराही तसाच. मी म्हटलं, द्या इकडे, मी रिकामी करते. ते म्हणाले, "राहू द्या, वहिनी. धुऊ नका." मग स्वतः उठले, पेटीशी बसले, वाकले आणि एक लांब श्वास घेतला. पुन्हा एकदा घेतला. "काहीच येत नाही हो," ते म्हणाले. त्यांनी इतकं नीट काम केलं होतं की वास म्हणून काही उरलाच नव्हता. मी ताट ठेवलं आणि उतरले.

सोमवारी दीडला फोन आला नाही. मंगळवारीही नाही. मास्तर डबा बंद ठेवून बसले. मी लेकीला मनातल्या मनात बरंच काही म्हणून घेतलं, ते इथं लिहीत नाही.

बुधवारी दीडला फोन वाजला. मास्तरांनी मोज्याच्याच हातानं स्पीकर लावला.

"बाबा, घोटाळा झालाय. बाईसाहेबांनी पलंगाखाली केलंय. वास जातच नाही."

मास्तर सरळ उभे राहिले. टेबलावर एखादा कठीण डाग आला की उभे राहतात तसे.

"आधी सांग, कशानं पुसलंस?"

ती अगदी गंभीरपणे म्हणाली, "अमोनियानं."

मी मास्तरांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी एक मोजा काढला, मग दुसरा, माझं स्टूल ओढून घेतलं आणि फोन दोन्ही हातांत धरला.

"अगं वेडे," ते म्हणाले, "अमोनिया कोणी लावतं का? बस, नीट बस. पहिल्यापासून सांगतो."